दोन पडदे, सहा फेटे आणि दोन बायका

मध्यंतरी एक मुलगी घरी आली. नाटकावर संशोधन करते म्हणाली. खराडीला नोकरी आणि शनिवार-रविवार संशोधन. मोबाइल माझ्यासमोर ठेवून तिने विचारलं, "आजी, तुम्ही एक्झॅक्टली कुठल्या स्ट्रीममध्ये होतात? म्हणजे प्रायोगिक, की कमर्शियल?"

मी म्हटलं, "एस.टी.च्या."

हसावं की टिपून घ्यावं, अशा विचारात ती पडली. मग मी चहा टाकला आणि नीट सांगायला बसले. तिला सांगितलं तेच इथे लिहिते आहे. तिच्या मोबाइलची बॅटरी संपली, तिथून पुढचंही.

पुण्याच्या रंगभूमीबद्दल पुष्कळ लिहिलं गेलंय. त्यात मोठ्या कंपन्या असतात, संगीत नाटकं असतात, कॉलेजच्या मुलांनी गाजवलेल्या स्पर्धा असतात. ते सगळं खरंच आहे. पण याच शहरात आम्ही मोजक्या बायका अशा होतो, की आमची कामं पुण्यात फारशी कुणी पाहिलीच नाहीत. आम्ही राहायचो पुण्यात आणि नाटक करायला एस.टी.ने जायचो बाहेर. कुठे गावची जत्रा, कुठे कारखान्याचा गणपती, कुठे कचेरीचं स्नेहसंमेलन. हौशी मंडळी महिनोन्‌महिने तालमी करायची. पुरुषांच्या भूमिकांसाठी भांडणं व्हायची, पण बाईचं काम करायला बाई मिळायची नाही. गावातली कुणी स्टेजवर चढणं शक्यच नव्हतं. मग पुण्याहून आम्हाला बोलावलं जायचं.

माझं घरचं नाव हमीदा. हँडबिलावर हेमलता. भवानी पेठेत आमचं बांगड्यांचं दुकान होतं. मी नाटकात जायला लागले तेव्हा मोहल्ल्यातल्या एका बुजुर्गांनी अब्बांना टोकलं, "मुलगी परक्या पुरुषाचा हात हातात घेते म्हणे."

अब्बा बांगड्यांचा गुंता सोडवत होते. मान वर न करता म्हणाले, "मी जन्मभर परक्या बायकांचे हात हातात घेत आलो. दुकानाला कुणी नावं ठेवली नाहीत. काम ते काम."

यानंतर त्या विषयावर आमच्या घरात चर्चा झाली नाही.

आमची कामं ठरायची दातारकाकांच्या दुकानात. त्यांचं दुकान ड्रेपरीचं, म्हणजे नाटकाचे कपडे, पडदे, तलवारी, दाढ्या-मिशा भाड्याने द्यायचं. जत्रांचा हंगाम जवळ आला, की गावोगावची मंडळी तिथे यायची. एकदा मी तिथेच बसले होते. एक पैलवानी थाटाचे गृहस्थ आले आणि एका दमात म्हणाले, "दोन पडदे, सहा फेटे आन् दोन बायका."

दातारकाकांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "पडदे आहेत. फेटे आहेत. बायका आमच्याकडे भाड्याने मिळत नाहीत. स्त्री-कलाकार मिळतात. त्यांना नावं असतात, त्या खुर्चीवर बसतात, आणि त्यांना अहो-जाहो करावं लागतं. जमणार असेल तर पुढचं बोलू."

गृहस्थ वरमले. मला नमस्कार केला आणि जाताना चुकून फेटे विसरून गेले.

आमच्या कामाची रीत अशी. चालणारी नाटकं ठरावीक असायची, त्यामुळे त्यातल्या बायकांच्या भूमिका आम्हाला तोंडपाठ असत. दुपारी गावात पोचायचं, एक तालीम करायची आणि संध्याकाळी उभं राहायचं. समोरचा नायक गूळ करणारा असेल, तलाठी असेल, नाहीतर वाणी असेल. घरी त्याला सगळं पाठ असतं, पण समोर माणसं बसली की सगळं धुऊन जातं. अशा वेळी नाटक तोलून धरायचं काम आमचं. समोरचा विसरला, की मी त्याचंच वाक्य प्रश्न करून त्याच्याकडे सरकवायची. समजा, त्याला म्हणायचं आहे, 'मी उद्याच मुंबईला जाणार.' आणि तो नुसता उभा आहे. मग मी म्हणायची, "असे गप्प का? उद्याच मुंबईला जायचा विचार नाही ना तुमचा?" त्याचा चेहरा खुलायचा. "हां! तोच विचार हाय!" लोकांना वाटायचं, काय बायको आहे, नवऱ्याच्या मनातलं ओळखते.

नमुने भेटले ते एकेक. कात्रजच्या पुढे एका गावात नायकाची आई नुकतीच वारली होती, म्हणजे नाटकात. तो तिच्यावर पडून रडत होता. तेवढ्यात सरपंच आले. नायकाने डोळे पुसले, "या सरपंच, पुढं या, जागा ठिवलीय," असं म्हणाला आणि पुन्हा आईवर पडला. दुसरे एका कचेरीतले साहेब. त्यांनी अख्खा प्रेमाचा प्रवेश माझ्या डोक्यावरच्या पंख्याकडे बघून केला, कारण पहिल्या रांगेत त्यांच्या सौभाग्यवती स्वेटर विणत बसल्या होत्या. प्रवेशभर त्या सुया एकदाही थांबल्या नाहीत.

गावात गेलं, की आमची उतरायची सोय बहुधा नायकाच्या घरी असायची. पुरुष मंडळी अदबीने वागायची. घरच्या बायका मात्र दारामागून बघायच्या. पुण्याची नटी म्हणजे काय असेल, याची त्यांनी केलेली कल्पना माझ्या सहा वारी सुती पातळाशी जुळायची नाही. त्यांचं चुकत नव्हतं. त्यांचा नवरा तीन महिने जिच्यासाठी संवाद पाठ करतोय, ती बाई घरात आलेली. म्हणून मी एक शिरस्ता पाडला होता. दुकानातून निघताना बांगड्यांची एक पेटी बरोबर घ्यायची. गावात पोचल्यावर तालमीला न जाता आधी चुलीपाशी जाऊन बसायचं आणि घरच्या बायकांना बांगड्या भरायच्या. एकदा हात हातात आला, की बाई बोलायला लागते.

मांजरीलाही मी तशीच चुलीपाशी बसले होते.

तेव्हा मांजरी म्हणजे वेगळं गाव. उतरल्यावर दोन्ही बाजूंना ऊस. आता तिथे सोसायट्या उभ्या आहेत आणि माझा भाचा त्यातल्या एकीत सहाव्या मजल्यावर राहतो. नाटक कौटुंबिक होतं. थोरला भाऊ कुणालाही न विचारता शेत विकून शहरात जायचं ठरवतो आणि तिसऱ्या अंकात बायको त्याला जाब विचारते, अशी गोष्ट. बायकोचं काम माझं. त्याच्या बहिणीचं काम प्रमिलाचं. प्रमिला पुण्याचीच, माझ्यासारखीच कामं करणारी, वयाने धाकटी. ती मागाहून ड्रेपरीच्या टेम्पोतून येणार होती. थोरला भाऊ म्हणजे सोपानराव, उसाचे बागाईतदार, त्यांना मिशी लावायची गरज नव्हती. नाटक बसवलं होतं शाळेतल्या गुरुजींनी.

सोपानरावांच्या बायकोचं नाव कौसल्या, घरात कौसा. तिने मला पाणी दिलं, पण तांब्या हातात न देता पुढ्यात ठेवला. मी पेटी उघडली. हिरव्या काचेच्या बांगड्या बघून तिने जरा वेळाने हात पुढे केला.

"खरं नाव काय तुमचं?" हात दाबून घेता घेता तिने विचारलं.

"हमीदा."

"मंग हेमलता कशापायी?"

"हँडबिल छापणाऱ्याला तेच आवडतं."

ती हसली. मी बांगड्या भरता भरता माझे संवाद पुटपुटत होते, ती माझी सवयच. तिसऱ्या अंकातलं एक वाक्य मी म्हटलं आणि थांबले. तर कौसाच्या तोंडून बहिणीचं पुढचं वाक्य आलं. अगदी सहज, 'वहिनी, दादाला थांबवा' असं. मी तिच्याकडे बघितलं तशी ती लाजली.

"मालक पाठ करायचे तवा पुस्तक माझ्या हातात असायचं. चौथी झालीय माझी. बायामान्सांचं समदं मीच वाचून दावायची."

तेवढ्यात टेम्पो आला. पडदे आले, फेटे आले, प्रमिला आली नाही. टेम्पोवाल्याने निरोप आणला होता की तिला सपाटून ताप भरलाय, उभंही राहवत नाही. गुरुजी कपड्यांच्या पेटीवर मटकन बसले. आदल्या वर्षीही असंच झालं होतं. कुणीतरी आली नव्हती आणि तालमीतल्या एका पैलवानाला लुगडं नेसवून उभं केलं होतं. ऐन रडायच्या प्रवेशात त्याचा पदर घसरला आणि सगळी जत्रा हसून लोळली. शेजारच्या गावची पोरं अजून मांजरीकरांना त्यावरून चिडवत होती.

"नाटक रद्द करा गुरुजी," सोपानराव म्हणाले. "परत तसलं हसं न्हाई पायजे."

मी म्हटलं, "एक बाई आहे. तिला सगळं नाटक पाठ आहे."

"कुठंय?"

"तुमच्याच घरात आहे."

कुणाला म्हणतेय ते कळायला त्यांना जरा वेळ लागला. कळल्यावर ओसरीवर एकच गलका झाला. आमच्या घरची बाई नाटकाच्या फळीवर उभी राहणार नाही, गाव काय म्हणेल, पाहुणे काय म्हणतील. गुरुजी समजुतीच्या सुरात मला म्हणाले, "बाई, तुम्ही पुण्याच्या. तुमची गोष्ट निराळी."

"पुण्यातही पहिल्यांदा उभ्या राहिलेल्या बाईला हेच ऐकून घ्यावं लागलं असेल," मी म्हटलं.

माझ्या मनात त्या वेळी समाजसुधारणा वगैरे काही नव्हती. उभं राहिलेलं नाटक पडू द्यायचं नाही, एवढंच डोक्यात होतं.

मग गुरुजींनी खरी अडचण काढली. "अहो, पण बहिणीचं काम! नवऱ्याला 'दादा' म्हणणार का ती?"

यावर मात्र सगळेच माझ्याकडे बघायला लागले. मग म्हटलं, "बहीण मी होते. बायको तिलाच करू द्या."

म्हणजे मुख्य काम तिचं, आणि दुय्यम माझं. हे बोलून गेल्यावर माझं मलाच जाणवलं, की मी काय देऊन बसलेय. पण तोंडातून शब्द गेला होता.

इतका वेळ सोपानरावांच्या आई उंबऱ्यावर बसून सुपारी कातरत होत्या. त्यांनी अडकित्ता थांबवला. मला विचारलं, "नाटकात ती त्याचीच बायकू व्हनार ना?"

"हो."

"मंग त्यात नवीन काय? रोज हायच की. आन् त्याला दोन गोष्टी सुनावती का?"

"तिसऱ्या अंकात."

"मंग होऊ द्या," म्हातारी म्हणाली आणि पुन्हा सुपारी कातरायला लागली.

आईपुढे सोपानरावांचं काही चाललं नाही. पण मला एकदम जाणवलं, की एवढी सगळी चर्चा चाललीय आणि कौसाला कुणी विचारलेलंच नाही. मी मागे वळले. ती माजघराच्या दारात उभी होती.

"कौसाबाई, कराल?"

तिने नवऱ्याकडे पाहिलं नाही, सासूकडे पाहिलं नाही. "पाठ हाय मला," एवढंच म्हणाली.

उरलेली दुपार मी तिला मंडपामागे घेऊन बसले. संवादांची चिंता नव्हती. कुठून यायचं, कुठे उभं राहायचं, प्रेक्षकांना पाठ दाखवायची नाही, हे तिने भराभर उचललं. अडलं ते एकाच ठिकाणी.

"बोलताना त्यांच्याकडे बघायचं," मी सांगितलं.

"त्यांच्याकडं? समद्यांदेखत?"

"हो. डोळ्यात बघून."

"घरात बी कधी बघितलं न्हाई वो तसं."

तिचे हात गार पडले होते. मी ते चोळत राहिले. शेवटी म्हटलं, "मी शेजारीच उभी आहे. काहीही झालं तरी मी नाटक पुढे नेते. तुला पडू देत नाही."

दिवेलागण झाली आणि पडदा वर गेला. बातमी पसरली होती, त्यामुळे जत्रेतली दुकानं टाकून लोक मंडपात आले होते. पहिल्या अंकात कौसाचा आवाज तिसऱ्या रांगेपुढे गेला नाही. मागून "आवाज! आवाज!" असा गिल्ला झाला. तिने पदर घट्ट आवळून धरला, पण वाक्य सोडलं नाही. दुसऱ्या अंकात तिला कढईत काहीतरी परतायचं होतं. हातात उलथनं आलं आणि तिचा आवाज सुटला. घरात बोलते तशी ती बोलायला लागली. पुस्तकातलं 'आहे' जाऊन 'हाय' आलं. गुरुजी विंगेत कपाळाला हात लावून उभे होते, पण लोक मात्र पुढे सरकून बसले.

मग तिसरा अंक. सोपानराव शेत विकून आल्याचं सांगतात. कौसा पुढे आली. तिने मान वर केली आणि नवऱ्याच्या डोळ्यात बघितलं.

"इकायच्या आदी मला एका शबदानं इचारलं का?" हे वाक्य नाटकातलंच होतं. इथे तिने थांबायला हवं होतं. ती थांबली नाही. "आन् माझ्या माहेरची म्हस इकली, तवा तरी इचारलं व्हतं का?"

नाटकात म्हैस नव्हती.

बायकांच्या बाजूने आधी हशा आला. त्या म्हशीची हकीकत गावात सगळ्यांना ठाऊक असणार. मग तो हशा आपोआपच विरला, कारण कौसा हसत नव्हती. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तिने नजर काढलेली नव्हती. सोपानराव खांबासारखे उभे. त्यांचं पुढचं वाक्य ताठ्याचं होतं, 'घरातला कर्ता मी आहे.' ते त्यांना आठवेना, किंवा म्हणवेना.

मी शेजारी बहीण म्हणून उभी होते. ते वाक्य प्रश्न करून त्यांच्याकडे सरकवणं मला सोपं होतं. आयुष्यभर तेच केलं होतं. पण त्या दिवशी ते वाक्य माझ्या जिभेवर येईना. मी म्हटलं, "दादा, गप्प का? वहिनी विचारतेय ते खरं आहे का?"

सोपानराव माझ्याकडे वळले. मग कौसाकडे.

"खरं हाय," ते म्हणाले. "इचारायला पायजे व्हतं. चुकलं माझं."

नाटकात हा माणूस सुधारायला अजून बराच वेळ होता. विंगेत गुरुजींनी पुस्तकाची पानं एकदम उलटली आणि आम्ही थेट शेवटच्या प्रवेशावर गेलो. टाळ्या पडत होत्या, शिट्ट्या वाजत होत्या. पडदा पडल्यावर कौसा माझ्या खांद्यावर डोकं ठेवून गदगदा हलायला लागली. मला वाटलं रडतेय. बघितलं तर हसत होती.

मी पुष्कळ नाटकं केली. काही ठिकाणी शाल मिळाली, एकदा चांदीचा पेला मिळाला. पण 'काम काय केलंस' असं कुणी विचारलं, तर मी मांजरीचं सांगते, जिथे माझं काम दुय्यम होतं.

पुढच्या वर्षी दातारकाका म्हणाले, "मांजरीची मंडळी येऊन गेली. पडदे, फेटे आणि एकच स्त्री-कलाकार. आईच्या भूमिकेसाठी. नायिका घरचीच आहे म्हणाले." मी गेले आणि कौसाच्या सासूचं काम केलं. त्याच्या पुढच्या वर्षी आईच्या कामालाही त्यांच्यातलीच एक पुढे आली. आजूबाजूच्या गावांनी ते पाहिलं. मांजरीची बाई करते, तर आमची का नाही? एकेक गाव आमच्या हातून गेलं. पुढे घरोघरी टीव्ही आले आणि राहिलेली गावंही गेली. प्रमिलाने शिवणयंत्र घेतलं. मी अब्बांच्या गादीवर जाऊन बसले. दातारकाका मला बघितलं की म्हणायचे, "या हेमलताबाई. आपल्या धंद्याचं वाटोळं करणाऱ्या आपण पहिल्याच."

त्यात थट्टा होती आणि थोडं खरंही होतं. वाईट वाटायचं. हंगाम आला की हात शिवशिवायचे. दुकानात बसल्या बसल्या एखादा संवाद ओठांवर यायचा आणि समोरची गिऱ्हाईक बाई चमकून बघायची. पुण्यातल्या मोठ्या थिएटरात माझं नाव कधी पाटीवर लागलं नाही, ही खंतही आहे. ती लपवण्यात अर्थ नाही.

कौसाने मात्र नाटक सोडलं नाही. तिने गावातल्या बायकांचं मंडळ काढलं. शेतावरून आलेल्या बायका तिच्या ओसरीवर तालमी करायच्या, आणि सोपानराव पुस्तक धरून त्यांना वाक्यं सांगायचे. एकदा त्या सगळ्या पुण्यात स्पर्धेला आल्या, शहरातल्या भल्यामोठ्या थिएटरात. मला पास पाठवला होता. बक्षीस मिळालं नाही. परीक्षकांना त्यांची भाषा फार 'रांगडी' वाटली. पण माझ्या मागच्या रांगेतले एक पुणेकर, जे कुणालाच चांगलं म्हणत नाहीत असं चेहऱ्यावरूनच दिसत होतं, ते उठता उठता म्हणाले, "बरं होतं." पुण्यात याहून मोठं बक्षीस नाही.

दुसऱ्या दिवशी कौसा दुकानात आली. आता तिचेही केस पांढरे झाले होते. बराच वेळ इकडचं तिकडचं बोलली. मग म्हणाली, "एक इचारू? आमच्यामुळं तुमचं काम गेलं म्हणत्यात."

"गेलं."

"मंग माझा राग न्हाई आला व्हय?"

"आला होता," मी म्हटलं. "दोन-तीन हंगाम चांगलाच आला होता. पण त्या दिवशी तू मान वर केलीस, तेव्हा सगळं गाव मंडपात बसून बघत होतं आणि मी तुझ्यापासून हातभर अंतरावर उभी होते. तेवढ्या जवळून कुणाला बघायला मिळालं?"

ती पदराने चष्मा पुसत बसली. मग उठली आणि म्हणाली, "मंडळात एक नवीन सून आलीय. लई ग्वाड बोलती, पर तोंडातल्या तोंडात. माझ्यानं हुईना. तुमी या आईतवारी."

रविवारी मी दुकान बंद ठेवलं आणि मांजरीची बस पकडली.